कडा दिसतच नाही, मग तो बघायचा कुठून?

मागच्या अंकात तुर्कीतल्या अंताल्या शहराबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की भूमध्य समुद्राच्या काठावर उभ्या कड्यावर वसलेलं हे शहर पायी बघावं, आणि नंतर तुमच्या प्रश्नांचा ढीगच लागला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, काही प्रश्न तेच तेच होते ते एकत्र केलेत. नावं छापत नाहीये.

प्रश्न: आम्ही दोघं मैत्रिणी गेल्या वर्षी तिथं दोन दिवस होतो. जुनं गाव फिरलो, चौकात फोटो काढले, पण तुम्ही म्हणता तो कडा काही दिसलाच नाही हो. नक्की बघायचा कुठून?

अगदी बरोबर तक्रार आहे, आणि ती तुमच्या एकट्यांची नाही. तुम्ही कड्यावरच उभ्या होतात ना, मग तो दिसणार कसा! गच्चीवर उभं राहून आपल्याच घराची भिंत दिसत नाही तसंच. शहर सगळं वर, सपाट, रस्ते ट्राम दुकानं सगळं नेहमीसारखं, आणि एकदम एका बागेच्या कठड्याशी जमीन संपते आणि तीस-चाळीस मीटर खाली समुद्र. चढ नाही, डोंगर नाही, काहीच सूचना नाही. म्हणून माझं सांगणं असं की हे शहर वरून चालायचं आणि मधेमधे खाली उतरून मान वर करून बघायचं, नुसतं वरवर फिरलात तर अर्धंच बघितलं.

खाली उतरायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे जुनं बंदर. कड्याला तिथं एक खोबण आहे, रोमन काळापासून बोटी तिथंच लागतात. बंदराच्या धक्क्यावर टोकापर्यंत चालत जा आणि मग मागं वळा. वर तटबंदी, तटबंदीच्या खाली उघडा खडक, खडकाच्या भेगांतून अंजिराची झाडं बाहेर आलेली, आणि त्याच्यावर चहा पिणारी माणसं मुंगीएवढी. दुसरी जागा पश्चिमेला, कोन्याआल्तीचा गोट्यांचा किनारा. किनाऱ्याच्या पूर्वेकडच्या टोकाला उभं राहिलं की कडा एका बाजूनं पूर्ण लांब दिसतो, माथ्यावर इमारतींची रांग. तिसरी म्हणजे बोट, तिचं पुढं सांगतो.

तिथली माणसं कड्याला फालेझ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द. बसवर, हॉटेलवर, बागेवर सगळीकडे दिसेल.

प्रश्न: हा खडक स्पंजसारखा भोकाभोकांचा का आहे? मुलगा (वय 11) विचारतोय आणि गाइडने "ज्वालामुखी" असं सांगितलं.

नाही नाही, ज्वालामुखीचा काही संबंध नाही. मुलाला सांगा हा खडक पाण्यानं बांधलाय, आणि हे ऐकून त्याला ज्वालामुखीपेक्षा जास्त मजा येईल बहुतेक.

उत्तरेला तोरोस पर्वत आहे, सगळा चुनखडीचा. पावसाचं आणि बर्फाचं पाणी त्यात मुरतं आणि चुना विरघळवत विरघळवत खाली येतं. शहरापासून साधारण 30 किलोमीटरवर किर्कग्योझ नावाचे झरे आहेत, तिथं हे पाणी बाहेर पडतं. किर्क म्हणजे चाळीस आणि ग्योझ म्हणजे डोळा, तुर्कीत झऱ्यालाही डोळा म्हणतात, आणि चाळीस म्हणजे मोजून चाळीस नाही, "खूप" अशा अर्थानं. तर पाणी उघड्यावर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो (सोड्याची बाटली उघडल्यावर जातो ना तसा) आणि मग विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही, तो शेवाळावर, बोरूवर, पडलेल्या पानांवर थर धरून बसतो. झाड आत कुजून जातं, भोक राहतं. असं लाखो वर्षं चाललं, थरावर थर चढले आणि एक अख्खं पठार तयार झालं ज्याच्यावर आज हे शहर आहे. या दगडाला ट्रॅव्हर्टाइन म्हणतात. पठाराची समुद्राकडची कड म्हणजे हा कडा, आणि खालून लाटा कुरतडतात, वरचे मोठे तुकडे कोसळतात, म्हणून तो इतका उभा राहिलाय.

मुलाला बंदराजवळ खाली नेऊन खडक जवळून दाखवा. बोटाएवढ्या गोल नळ्या दिसतील, एकाला एक चिकटलेल्या, त्या बोरूच्या काड्यांच्या जागा आहेत. नशीब असेल तर पानाचा ठसाही सापडतो, शिरांसकट. मी एका ठिकाणी असा बघत बसलो तर मागं एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले, माझं काही हरवलंय असं वाटून तेही शोधायला लागले, मला सांगता येईना आणि त्यांना कळेना.

प्रश्न: आईचं वय 72, बाबांचं 76. आईचे गुडघे दुखतात. पायऱ्या जमत नाहीत. तरी न्यावं का, की उगाच हट्ट करू नये?

बिनधास्त ने गं. वरचा भाग सपाट आहे हे आत्ताच सांगितलं, आणि कड्याच्या शहराचा हाच मोठा फायदा. फक्त खाली-वर करायचं ते विचार करून.

जुम्हुरियेत मैदान नावाचा मुख्य चौक आहे, तिथून खाली जुन्या बंदराकडं जायला काचेची लिफ्ट आहे, फुकट आहे, आणि ती उतरतानाच समुद्र आणि समोरचे डोंगर दिसतात. त्यामुळं पायऱ्यांचा मुख्य प्रश्न तिथंच सुटतो. लिफ्टमधून उतरल्यावर मात्र जुन्या गावात गल्ल्या दगडी आहेत, दगड झिजून गुळगुळीत झालेत, वर पाऊस पडून गेला असेल तर साबण लावल्यासारखे, तेव्हा आईंना चपला नाही, बूटच घाला आणि हात धरा. बाबांनाही धरा, 76 ला माणसं "मला काय होतंय" म्हणतात.

दुसरा दिवस नुसता काराआलिओलू पार्कला द्या. जुन्या गावाच्या दक्षिण टोकाला हिदिरलिक बुरूज आहे, त्याला लागूनच ही बाग सुरू होते आणि कड्याच्या काठानं जाते, रुंद वाटा, पामची झाडं, ठिकठिकाणी बाकं, कठडा. समोर आखाताच्या पलीकडं बेयदालारी डोंगररांग. आईंना एका बाकावर बसवा आणि तास-दोन तास काहीही करू नका. सकाळी जा. सकाळी ऊन मागून येतं आणि डोंगराच्या घड्या एकामागे एक मोजता येतात, दुपारी उन्हाळ्यात तेच डोंगर धुरकट होऊन गायब होतात, लोक येतात आणि म्हणतात कुठंयत डोंगर.

आणि काठावरून जाणारी एक जुनी ट्राम आहे, म्युझियमच्या बाजूपासून झेर्दालिलिकपर्यंत. डबे जर्मनीतल्या न्युर्नबर्ग शहरानं दिलेले, 1999 पासूनची सेवा. मधेमधे बंदही असते, तेव्हा आधी हॉटेलात विचारून घे. आता हे झेर्दालिलिक नाव बघ, झेर्दाली म्हणजे आपला जर्दाळू! फारसीतून तिकडंही गेला आणि आपल्याकडंही आला. म्हणजे ट्रामचा शेवटचा स्टॉप झाला जर्दाळूची बाग. 14व्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी या गावात आला होता आणि त्यानं इथल्या जर्दाळूचं कौतुक लिहून ठेवलंय, बी फोडली की आतला गर बदामासारखा गोड म्हणे. आज स्टॉपवर जर्दाळू बिर्दाळू काही नाही, नुसत्या इमारती.

प्रश्न: मे की जुलै? सुट्टी दोन्हीत मिळू शकते.

मे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 च्या आसपास जातो आणि वर दमट हवा, दुपारी चालणं हा शिक्षेचा प्रकार. ऑक्टोबर मिळाला तर मेपेक्षा उत्तम कारण समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत पाऊस कोसळतो, नुसता भुरभुरत नाही.

प्रश्न: जुन्या गावातून कड्यापर्यंतचा इतिहास बघत बघत जायचा रस्ता सांगाल का? आम्हाला माहितीच्या पाट्या वाचत चालायला आवडतं, बायको म्हणते हे वेड आहे.

वहिनींना नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे.

हेड्रियनच्या दरवाज्यापासून सुरू करा. रोमन सम्राट हेड्रियन इ.स. 130 मध्ये इथं आला त्याच्या स्वागताला बांधलेला, तीन कमानींचा, म्हणून तिथले लोक त्याला उच कापिलार म्हणजे तीन दरवाजे म्हणतात. सगळे वर कमानी बघून फोटो काढतात आणि आत घुसतात. तुम्ही मात्र मधल्या कमानीत थांबा आणि खाली बघा. आताच्या पायवाटेच्या खाली मूळ फरसबंदी दिसते आणि त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. आपण "चाकोरीबाहेरचं" वगैरे म्हणत असतो, ही खरी चाकोरी, दगडात, हात घातला तर मनगट बुडेल अशी. मला त्या अख्ख्या शहरात सगळ्यात जवळची वाटलेली गोष्ट कोणती तर ही. सम्राट एकदा आला आणि गेला, गाडीवाले रोज येत होते.

दोन्ही बाजूचे बुरूज सारखे नाहीत हेही बघा. दक्षिणेकडचा रोमन आहे, उत्तरेकडच्याचं वरचं काम सेल्जुक या तुर्की राजघराण्याच्या काळातलं. सेल्जुकांनी हे शहर 1207 मध्ये घेतलं. त्यांचीच यिवली मिनारे, चौकाच्या खाली, 38 मीटर उंच, विटांची, आठ उभ्या पन्हळी असलेली, सुलतान अलाउद्दीन कैकुबादच्या काळातली. जुन्या गावात कुठंही हरवलात तर ती शोधायची, सापडली की दिशा सापडली. आणि हरवालच, गल्ल्या तशाच आहेत, वर लाकडी सज्जे पुढं आलेले आणि सज्ज्याखाली मांजरी.

गल्ल्यांतून दक्षिणेकडं उतरत गेलात की हिदिरलिक बुरूज. साधारण 14 मीटर उंच, खाली चौकोनी आणि वर गोल, दुसऱ्या शतकातला. इथं जमिनीकडची तटबंदी आणि समुद्राकडची तटबंदी येऊन मिळायची. तो दीपगृह होता की टेहळणीचा की कबर यावर वाद आहे, दाराशी रोमन मोठ्या अधिकाऱ्यांची निशाणी असते तशा काठ्यांच्या मोळ्या कोरल्यात म्हणून कबरीकडं बऱ्याच जणांचा कल. पाटी वाचून झाली की बुरुजाच्या बाजूच्या कठड्याशी जाऊन उभे राहा, संध्याकाळी. सूर्य बरोबर डोंगरांमागे जातो. तिथं पोचेपर्यंत दोन तास धरा, पाट्या वाचत असाल तर चार.

शहराचं नाव मात्र या सगळ्यांच्या आधीचं. पेर्गामॉन या आजच्या पश्चिम तुर्कीतल्या जुन्या राज्याचा राजा दुसरा अत्तालोस यानं इ.स.पू. दुसऱ्या शतकात वसवलं, त्याच्यावरून अत्तालेया, मग अदालिया, मग अंताल्या.

प्रश्न: धबधबा समुद्रात पडतो तो बघायला जुन्या गावातून चालत जाता येईल का? मॅपवर तर सरळ काठाकाठानं दिसतंय.

मॅपवर दिसतंय खरं. मीही त्या मॅपवरच गेलो होतो. खालचा द्युदेन धबधबा जुन्या गावापासून पूर्वेला आठ-दहा किलोमीटर, म्हटलं काठानं चालत जाऊ, दोन-अडीच तास. आणि दुपारी बाराला निघालो, इथंच अक्कल दिसली. सुरुवातीला बागा आहेत तोवर स्वर्ग. नंतर काठ तुटक होतो, मधेच एखादं हॉटेल कड्यापर्यंत जाऊन बसलंय, तिथून बाहेर मोठ्या रस्त्यावर यायचं, मग पुन्हा एखादी बाग, पुन्हा काठ, पुन्हा भिंत. एका हॉटेलच्या फाटकातून मला वाटलं आरपार जाता येईल तर रखवालदारानं आधी हसून आणि मग न हसता परत पाठवलं. पाणी संपलं, मान भाजली, शेवटचे तीन किलोमीटर बसनं.

तेव्हा असं करा, बागांचा पट्टा संपेपर्यंत चाला आणि पुढं लारा या पूर्वेकडच्या भागाकडं जाणारी बस पकडा, किंवा उलटं, सकाळी बसनं धबधब्याला जा आणि मन भरेल तितकं परत चालत या.

धबधब्याला वरच्या बागेतून नदी एकदम कडेवरून नाहीशी होताना दिसते, आवाज येतो, तुषार येतात, पण समोरून पूर्ण धार काही दिसत नाही, बाजूनंच. पूर्ण बघायचा तर बोटीनं, जुन्या बंदरातून बोटी निघतात, भाव आधी लिरात ठरवून घ्या, घासाघीस चालते. साधारण 40 मीटरवरून पांढरा पडदा सरळ समुद्रात, आणि बोटवाला हमखास इतकं जवळ नेतो की सगळे भिजतात, मोबाइल आत ठेवा.

आणि हे पाणी तेच बरं का, मघाशी 11 वर्षांच्या मुलाला सांगितलं ते किर्कग्योझचं. मधे ते एका विवरात गडप होतं, काही किलोमीटर जमिनीखालून वाहतं, पुन्हा वर येतं. द्युदेन या शब्दाचा अर्थच मुळी पाणी गिळणारं विवर. ज्या पाण्यानं कडा बांधला तेच पाणी आता त्याच्यावरून उडी मारतं.

प्रश्न: कड्याच्या खाली लोक पोहताना दिसतात. तिथं जावं का? वाळू आहे का?

वाळू नाही. वाळू हवी तर धबधब्याच्याही पुढं लारा बीच, आणि गोटे चालत असतील तर कोन्याआल्ती. कड्याखाली फक्त खडक, आणि खडकावर बांधलेले लाकडी किंवा सिमेंटचे फलाट, त्याला लोखंडी शिडी, शिडी संपली की पाणी खोल. उथळ असं काही नाहीच. पोहता येत असेल तर यासारखी मजा नाही, येत नसेल तर कृपया फलाटावर बसून पाय सोडा. मधेच पायाला एकदम गार पाण्याचा झोत लागला तर घाबरू नका, गोड्या पाण्याचे झरे खडकातून थेट समुद्रात येतात काही ठिकाणी.

जुन्या बंदराच्या शेजारी मेर्मेरली नावाचा एक चिमुकला किनारा आहे, तटबंदीच्या अगदी पायथ्याशी, पैसे देऊन आत जायचं. जागा कमी, सकाळी लवकर नाही गेलात तर खुर्ची मिळत नाही. आणि हो, उतरताना जेवढ्या पायऱ्या, चढतानाही तेवढ्याच, ओले होऊन आणि उन्हात. हे उतरताना कुणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न: नवऱ्याला कठड्यापलीकडं जाऊन फोटो काढायची फार हौस. काहीतरी लिहा, तुमचं ऐकेल.

माझं माझ्या घरात कुणी ऐकत नाही, पण लिहितो. मघाशी सांगितलं ना की हा दगड भोकाभोकांचा आहे आणि खालून लाटांनी पोखरलाय. वरून गवत उगवलेलं, घट्ट दिसतं, पण खाली काही असेलच असं नाही. तुकडे पडतात, आजही. तिथं जागोजागी पाट्या आहेत, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "दिक्कात". तुर्कीत त्याचा अर्थ लक्ष द्या, सावधान. शब्द अरबीच, आपल्याकडं येऊन त्याची दिक्कत झाली. तेव्हा साहेबांना सांगा, त्या पाटीपुढं बिनदिक्कत जायचं नाही.

फोटोच हवा तर तोपहानेच्या चहाच्या बागेत जा, मुख्य चौकाच्या कडेलाच. चाय बाहचेसी म्हणतात, चहाचा बगीचा. कठडा पक्का, खाली बंदर, मागं डोंगर, हातात बिनदुधाचा चहा बारक्या कंबरेच्या ग्लासात. ग्लास वरच्या काठाला धरायचा, खाली धरला तर बोटं भाजतात, हा धोकाही लिहून ठेवतो.

प्रश्न: रस्त्याच्या कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडं आहेत आणि कुणीच तोडत नाही. आपण तोडली तर चालेल का?

हिवाळ्यात गेला होतात वाटतं. कुणी तोडत नाही याला कारण आहे. मी तोडलं होतं, काराआलिओलूच्या बाहेर, इकडंतिकडं बघून, सोललं, वास काय सुंदर, आणि एक फोड तोंडात टाकली. त्याला तुरुंच म्हणतात, कडू संत्रं, कडू आणि आंबट दोन्ही एकदम, कानापर्यंत झिणझिण्या. समोरच्या टपरीवरचा सिमितवाला (सिमित म्हणजे तीळ लावलेला, बांगडीसारखा गोल पाव) बघत होता. त्यानं काही न बोलता एक सिमित मधे कापली, आत बरणीतला नारिंगी मुरांबा फासला आणि माझ्या हातात दिली. तुरुंचच्या सालीचा. पैसे सिमितचेच घेतले.